दाराकडे तोंड करून ठेवलेल्या चपला

१२ सप्टेंबर

धाकटे,

मागच्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. नसू दे. हट्टीपणातही मी तुझी थोरलीच आहे, हे चौथं घे.

तुझी लेक मजेत आहे. बोटभर उंच झाली, बाजूचा एक दात पडला, आणि नऊ वर्षांची असून म्हातारीसारखे उसासे टाकते. भिंगरी हे नाव आता तिला शोभत नाही, कारण ती फिरतच नाही. शाळेतून येते, दप्तर भिरकावते आणि तू जाताना दिलेला तो टॅब मांडीवर घेऊन खिडकीत बसते. चपला मात्र दाराकडे तोंड करून ठेवते, थेट तुझ्यासारख्या. लहानपणी तू माझ्याही चपला अशाच वळवून ठेवायचीस, आग लागली तर पळायला सोपं म्हणून. ही कशासाठी ठेवते ते सांगत नाही.

तो तळ्याचा खेळ तूच तिला घालून दिलास, तेव्हा मी काय वर्णन करणार. तळं, काठावर झोपड्या, फुलझाडांना पाणी घालायचं, होडीतून जाऊन दिवे लावायचे. कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. मारामारी असती तर मला ओरडायला तरी जागा होती. पण पोरगी तासन् तास त्या पाण्यात बघत बसते आणि तिला हाक मारली की ती कुठून तरी खोलातून वर येते, आणि मी कोण हे तिला क्षणभर आठवत नाही. ते मला सहन होत नाही, खरं सांगते.

म्हणून परवा नियम केला. सुताला रंग द्यायच्या आमच्या रंगशाळेत लाल रंगाच्या कुंडात सूत पंचेचाळीस मिनिटं बुडवून ठेवतात, त्याला आम्ही एक बुडी म्हणतो. भिंगरीला रोज एक बुडी. चारला सुरू, पावणेपाचला मी घंटीचं घड्याळ घेऊन जिना चढून वर येते, ते वाजलं की बंद. घर रंगशाळेच्या डोक्यावर असल्याचा हा एवढाच फायदा. बाकी वाफ आणि वास.

रंगशाळेत मात्र माझीच फजिती झाली. आमचे रंगारी मास्तर बाहेर गेले होते. त्यांनी कुंडात सोडलेल्या लड्या मला झाल्याशा वाटल्या, आणि मी काढल्या. आमच्याकडे रिवाज असा की सूत ज्यानं कुंडात सोडलं त्यानंच ते बाहेर काढायचं, कारण कुठली छटा हवी ती त्याच्या डोळ्यांत असते. बावीस वर्षं तिथे हात रंगवते आहे, मला हे ठाऊक नाही का? पण राहवलं नाही. मास्तरांनी परत येऊन ते फिकट, अर्धवट सूत उचलून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, तुमचा हात फार लवकर पुढे येतो."

फोनचं म्हणशील तर मी अजून त्याच मताची आहे. तुझा फोन आला की पोर दोन दोन दिवस अन्नाला शिवायची नाही. म्हणून मे महिन्यात मी तुला नको म्हटलं, आणि तू ऐकलंस ते बरंच केलंस. आधी रुळू दे तिला. तू तिथल्या रुग्णांना बघ, इथलं मी बघते. त्या दिवशी फोन ठेवताना तू म्हणालीस, "ताई, तुला मूल नाही, तुला नाही कळायचं," ते मी विसरून गेले आहे.

तुझी ताई

२६ सप्टेंबर

धाकटे,

तुझ्या लेकीनं मला वकिलासारखं घोळात घेतलं. म्हणाली, "मावशी, एकच बुडी दे, पण चारला नको, साडेपाचला दे." मी म्हटलं, का बुवा? तर म्हणे, "तेव्हा तळ्यावर संध्याकाळ होते. दिवे लागतात." मी म्हटलं, तेव्हा गृहपाठाची वेळ. ती म्हणाली, गृहपाठ मी चारला करीन. सगळं बरोबर होतं, म्हणूनच मला संशय आला आणि मी नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम.

काल आमची भट्टी बिघडली, पाणी तापेना, म्हणून मास्तरांनी लवकर सोडलं. वर आले तर साडेपाचला बाईसाहेब खिडकीत, मांडीवर टॅब. चारची बुडी वेगळी, ही चोरून. मी सहाला वर येते हे धरून रोजच चाललं असणार.

ओरडायला तोंड उघडलं होतं, धाकटे, पण ते पाणी बघून मी तशीच उभी राहिले. तळ्यावर खरंच संध्याकाळ होत होती. निळं सूत कुंडातून काढलं की आधी हिरवं दिसतं आणि हवेत धरल्यावर हळूहळू डोळ्यांदेखत निळं होत जातं, तसं ते आभाळ. भिंगरीचं छोटं लाल फ्रॉकवालं माणूस होडीतून चाललं होतं आणि तिच्या शेजारी आणखी एक होतं, मोठं, पिवळ्या टोपीचं. दोघी एकेक दिवा लावत होत्या. बोलत नव्हत्या. एक थांबली की दुसरी थांबायची. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, माझ्याच पायांना पाणी लागल्यासारखं वाटलं.

मग भानावर आले आणि त्या टोपीवर बोट ठेवलं. ही कोण?

"मैत्रीण," भिंगरी म्हणाली.

"केवढी?"

"मोठी."

"कुठली?"

"लांबची."

"रोज येते?"

तर मान डोलावली. नाव विचारलं तर ओठ घट्ट मिटून घेतले.

तूच सांग, लहान पोरींच्या खेळात रोज ठरल्या वेळी येणारी ही मोठी बाई कोण असेल? बाई तरी असेल का? शाळेतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, अनोळखी माणूस असेल तर ताबडतोब बंद करा. तुझं मत कळव. निदान या बाबतीत तरी अबोला सोड, कारण पोर तुझी आहे.

तुझी ताई

२ ऑक्टोबर

धाकटे,

काळजीचं कारण उरलं नाही. भिंगरीनं तो खेळ सोडला. आपणहून. कंटाळा आला म्हणाली.

आता वेळेवर जेवते. शाळेचं सगळं वेळेवर करते. अक्षर सुधारलं आहे. खिडकीत बसते अजून, पण मांडीवर काही नसतं. साडेपाचच्या सुमाराला उठते, हात धुते, केस विंचरते आणि परत येऊन बसते. कुठे जायचं आहे का, विचारलं, तर नाही म्हणते.

दुपारी रंगशाळेत येऊन बसायला लागली आहे. मास्तरांनी तिला उरलेल्या सुताची वेणी घालायला शिकवलं. छान घालते. फक्त माझ्या कमरेची किल्ली वाजली की मान वर करते. मी ती आता रुमालात बांधून ठेवते.

आणखी काही विशेष नाही.

ताई

९ ऑक्टोबर

धाकटे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तिनं खेळ सोडला नाही. मी टॅब कपाटात घालून कुलूप लावलं होतं. सत्तावीस तारखेला लावलं, काल काढलं. अकरा दिवस झाले.

ती रडली नाही. पाय आपटले नाहीत. मला वाटलं, बघा, दोन दिवसांत सुटलं वेड. मास्तरांना ऐटीत सांगितलंसुद्धा. ते सूत वळवत होते. म्हणाले, "बुडवलेलं सूत एकदम खेचून काढलं की आवाज करत नाही. डाग नंतर दिसतात. आधी निथळू द्यायचं असतं, बाई." मी म्हटलं, सूत आणि पोर यात फरक आहे. "आहे ना," म्हणाले, "सूत पुन्हा रंगवता येतं."

काल भिंगरी शाळेत असताना मी कपाट उघडलं. त्या पिवळ्या टोपीवालीची तक्रार करायची आणि तिला कायमची हाकलायची, एवढंच मनात होतं. रंगशाळेतल्या पोरीनं मला कुठं दाबायचं ते कागदावर लिहून दिलं होतं.

तळं उघडलं. दुपार होती तिथेही. मी भिंगरीचं ते लाल फ्रॉकचं माणूस कसंबसं चालवत नेलं, दोनदा पाण्यात पाडलं. तिची झोपडी शोधली. वाटलं होतं, अकरा दिवसांत फुलझाडं वाळली असतील. ती टवटवीत होती. एकूण एक झाडाला पाणी घातलेलं. आणि दाराशी एक पाटी होती, निरोप लिहायची.

वाचल्या तेवढ्या ओळी इथे उतरवते, तुला गरज नाही तरी.

"आज आली नाहीस. पाणी घातलं."

"आजही नाही. तुझे दिवे मी लावले."

"ताप आलाय का? गरम पाणी पी. पाय पुसून झोप."

"आज मला यायला उशीर झाला. तू येऊन गेलीस का?"

"मावशी रागावली असेल तर तिचं ऐक. ती सांगते ते तुझ्या भल्याचं असतं."

आणि शेवटची, "मी येत राहीन."

ही ओळ वाचून खाली पाहिलं, तर झोपडीच्या उंबऱ्यापाशी चपला. दाराकडे तोंड करून. एक छोटी जोडी लाल, एक पिवळी, आणि तिसरी सगळ्यांत मोठी, निळी.

धाकटे, त्या चपला मी तीनदा मोजल्या.

भिंगरी शाळेतून आली, टॅब माझ्या मांडीवर बघितला आणि दारातच उभी राहिली. मी विचारलं, "तुझी आई आहे ना ती?" तिनं मान डोलावली. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू ते पण बंद केलं असतंस."

शांतपणे म्हणाली. नुसती माहिती दिली.

मग मी विचारलं, निळी जोडी कोणाची? "तुझी," म्हणाली. "आई म्हणाली, तीन हव्यात. तुझे हात निळे असतात म्हणून निळी."

साडेपाच वाजता मी तिला म्हटलं, आधी मला दोन मिनिटं दे. मला वाटलं, आपणच बोलावं. मी थोरली, मीच बिघडवलं. तू आलीस. पिवळी टोपी धावत आली, अक्षरशः धावत, आणि माझ्या म्हणजे भिंगरीच्या भोवती दोन चकरा मारल्या. मग लिहिलंस, "आलीस, बाळ?" मला टायपायला जमत नाही ठाऊक आहे ना. एका बोटानं, शोधून शोधून मी दोन अक्षरं लिहिली. ताई.

तू तिथेच थांबलीस. मग वळून झोपडीत गेलीस आणि दार लावून घेतलंस.

बरोबर केलंस. मी भिंगरीच्या हातात टॅब दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. ती मागून आली आणि म्हणाली, "मावशी, आई गेली. दिवा विझला." तिला वाटतं आहे तू आता पुन्हा येणार नाहीस. मलाही तेच वाटतं आहे, आणि ते माझ्यामुळे.

आता सगळंच सांगते. फोन बंद करायला लावला तो ती रडते म्हणून, हे अर्धंच खरं. उरलेलं असं की तुझा फोन झाला की ती दोन दिवस माझ्याकडे बघायची नाही. फोन थांबले आणि तिसऱ्या आठवड्यात तिनं मला झोपेत आई म्हटलं. मी तिला दुरुस्त केलं नाही. तू म्हणाली होतीस ना, मला मूल नाही. ते मी एक दिवसही विसरले नाही. माझ्याकडे आलेलं मूल मला परत द्यायचं नव्हतं, म्हणून तुझ्या येण्याच्या सगळ्या वाटा मी एकेक करून बुजवल्या. ही शेवटची उरली होती, तीही न कळता बुजवली, आणि नाव दिलं शिस्त.

हे पत्र पोचायला दहा दिवस लागतील. तोवर रोज साडेपाचला भिंगरी तळ्याकाठी असेल. मी तिथे पाऊल टाकणार नाही.

ताई

१३ ऑक्टोबर

धाकटे,

फोनवर काल एवढं बोललो, तरी लिहिते आहे, कारण फोनवर मला फक्त भाजीपाल्याचं बोलता येतं.

तीन दिवस तू आली नाहीस, त्या तीन दिवसांचा हिशोब मी तुझ्याकडे मागणार नाही. चौथ्या दिवशी भिंगरी ओरडतच खाली आली, अनवाणी, टॅब घेऊन, थेट कुंडांपर्यंत. पाटीवर एकच ओळ होती, माझ्यासाठी. "ताई, तिला रोज भेटायला तुझी परवानगी आहे का?"

मास्तर शेजारी उभे होते, त्यांनीही वाचलं. मग माझ्या हातातली सूत ढवळायची काठी काढून घेतली. मी वर येऊन तुला फोन लावला. पाच महिन्यांनी. तू "हं" म्हणालीस आणि मागे कुठे तरी चाकांची गाडी गेली, इस्पितळातली.

पिवळ्या टोपीवाली बाई तरी असेल का, असं मी तुलाच लिहिलेलं वाचून तू हसलीस म्हणालीस. मग किल्लीचं वाचून रडलीस म्हणालीस. दोन्हींबद्दल मी आभारी आहे. आई असून तू मला परवानगी विचारलीस ते मात्र माझ्या उरात राहील, राहू दे.

आता कामाचं. वेळेची मर्यादा मी उठवलेली नाही. ती कशीही असली तरी नऊ वर्षांची पोर आहे, डोळे तिचेच आहेत. रोज एकच बुडी, साडेपाच ते सव्वासहा. गृहपाठ आधी. टॅब खिडकीत, झोपायच्या खोलीत नाही. बंद केल्यावर दहा मिनिटं तिला कोणी हाक मारायची नाही, निथळू द्यायचं. हे मास्तरांचं कलम. रविवारी तळं नाही, फोन, आणि रडली तर रडली.

पण बंद कर हे मी म्हणणार नाही. ते तुझं काम. तूच तिला त्या पाण्यात सोडलंस, तूच तिला बाहेर काढ. किती आणि कुठवर, ते तुझ्या डोळ्यांत असायला हवं. माझा हात फार लवकर पुढे येतो, हे आता तिघांनी सांगून झालं आहे.

काल तू घाबरली होतीस ना? खरं सांग. फोन खिडकीत स्पीकरवर चालू ठेवलेला होता, तुझा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. दिवे सगळे लागले होते. सव्वासहा झाले. तू गप्प. सहा अठरा. भिंगरी तुला दुसऱ्या काठावर चल म्हणत होती आणि तू निघालीससुद्धा. घंटीचं घड्याळ मी पाठीमागे दोन्ही हातांत धरून उभी होते, जीभ दातांखाली दाबून. सात महिन्यांनी मुलीच्या शेजारी हक्कानं चालायला मिळालं आणि पहिलंच वाक्य नाही म्हणायचं, हे सोपं नाही, मला कळत होतं. सहा वाजून बावीस मिनिटांनी तुझा आवाज आला.

"भिंगरे, पुरे आता. बंद कर."

"आई, पाचच मिनिटं."

"नाही म्हटलं ना. उठ, हात धू, जेवायला बस."

"पाच, आई. प्लीज."

"मी मोजू का?"

ते ऐकलं आणि मी घड्याळ ओट्यावर ठेवून दिलं. आपली आई असंच म्हणायची, तीन म्हणायच्या आत आपण उठायचो.

तिनं टॅब बंद केला. ड्रॉवरमध्ये आपटला. मग दहा मिनिटं पडद्यामागे उभी राहिली आणि मी हाक मारली नाही. जेवायला आली ती फुगून. अर्धं ताटात टाकलं. म्हणाली, "आई फार खडूस आहे."

मी म्हटलं, "आहेच. लहानपणापासून आहे."

"तू तिला सांग ना."

"मी नाही बाई मध्ये पडणार. तुमचं तुम्ही बघा."

ती तुझ्यावर रुसली आहे, धाकटे. तुझी आठवण काढून हिरमुसली नाही, तुझ्या नावानं रडली नाही. चक्क रुसली आहे, समोर असलेल्या माणसावर रुसतात तशी. झोपायला जाताना तुझ्या तक्रारी करत करतच गेली, आणि जाताना दारातल्या चपला वळवल्या. माझ्याही.

उद्या साडेपाचला वेळेवर ये. आणि सव्वासहा म्हणजे सव्वासहा, सात मिनिटं वर झाली ती मी पाहिली आहेत.

तुझी ताई, तिची मावशी